आईच्या भिंतीला नऊ शीट

अण्णा, आज आईची भिंत उभी राहतेय. माडीवरच्या लांब खोलीत, तुम्ही खुर्ची टाकून बसायचात तिथून दोन हात पलीकडे. सकाळपासून माझा पाय जमिनीवर ठरत नाही. कारखान्यात रजा टाकली आणि तिथल्याच स्टोअरच्या पॅडवर तुम्हाला लिहायला बसले, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगून त्याला काय कळणार?

विटेची नाही हं. जिप्समची. पत्र्याच्या पट्ट्यांची चौकट उभी करायची आणि तिला सहा बाय चार फुटांच्या पांढऱ्या शीट स्क्रूने आवळायच्या. तुम्ही असता तर बोटाने टकटक करून म्हणाला असता, "ही भिंत हाय का पापड?" असू दे पापड. आईला खोली मिळतेय, तिला दार मिळतंय, आतून लावायची कडी मिळतेय. आजवर साडी बदलायची तर ती कपाटाचं दार उघडून त्याच्या आडोशाला उभी राहायची. पाहुणे आले की स्वयंपाकघरात जाऊन बसायची आणि ते जाईपर्यंत पाय पसरायची नाही. आता गुडघे धरल्यापासून तर ते बघवत नाही.

माप मीच घेतलं, तुमच्याच टेपने. घोटावड्याच्या बंगल्याचं काम चालू होतं तेव्हा मी सातवीत असेन. रविवारी तुमचा डबा घेऊन यायची, आणि तो सोडायच्या आधी तुम्ही टेपचं टोक माझ्या हातात द्यायचात. पहिला फूट केव्हाच तुटून गेलेला, म्हणून एकापासून मोजायचं आणि शेवटी एक वजा करायचा. एकदा मी विसरले. "एक फूट भिंत तुज्या डोक्यावर बांदू व्हय?" म्हणालात. सगळे मजूर हसले, मी रडले. संध्याकाळी सायकलच्या कॅरेजवर बसवून घरी आणताना मात्र समजावून सांगितलंत की दार-खिडकी मापातनं काढायची न्हाई, तेवढा माल तुटफुटीत जातो. दहावी झाल्यावर तो टेप मला दिलात. मैत्रिणींना घड्याळं मिळाली होती, आणि मी टेप दप्तरात लपवून ठेवला होता.

या वेळी एक वजा करायला विसरले नाही. अकरा फूट लांब, नऊ फूट उंच, म्हणजे नव्याण्णव चौरस फूट. एक शीट चोवीसची. दार मापातनं काढलं नाही. चार शीट आणि वर जरासं, म्हणून पाच. पिरंगुटच्या दुकानात फोन करून पाच सांगून टाकल्या. इतकी खूश होते की हिशेबाचा कागद कारागिराच्या हातात दिला. तो बिहारचा आहे, उद्या महिनाभरासाठी गावी निघालाय, म्हणजे माल एकाच खेपेत यायला हवा होता. तो कागदाकडे बघत राहिला. तेवढ्यात खाटेवरून आईने विचारलं, "पाच कुटं कुटं लागनार गं?"

मी हात करून दाखवलं. इथून इथपर्यंत, खालून वर.

"आन् माज्या बाजूनं?"

अण्णा, मी कारागिराच्या हातातला कागद परत घेतला. विटेची भिंत एकदा मोजली की झाली, दोन्ही बाजू तिच्याच. ही भिंत पोकळ, तिला दोन अंगं. बाहेरचं अंग मी फुटाफुटाने मोजलं आणि आईच्या बाजूला नुसत्या पट्ट्या ठेवल्या. गवंड्याची पोर ती, दुसरं काय करणार! कारागीर तोंड फिरवून हसला. नव्याण्णव दुणे एकशे अठ्ठ्याण्णव, आठ शीट आणि वर थोडं, म्हणजे नऊ. धावत फोन लावला. टेम्पो दुकानातच भरत होता. दुपारी नऊच्या नऊ आल्या, आणि आता दोन्ही बाजू लागत आल्यात. उरेल तो एक हातभर तुकडा. तुमची तुटफूट बरोबर निघाली.

हे झालं आनंदाचं. आणखी एक आहे. काम ठरवताना मी कारागिराला विचारलं होतं, विटेचीच का नको? त्याने खाली जाऊन छत बघितलं आणि म्हणाला, "ईंट की मत बनाना दीदी, नीचे बीम नहीं है. स्लॅब बैठ जाएगा."

तुमच्या शेवटच्या वर्षी, चहा पिताना, मी तुम्हाला म्हणाले होते, जगाच्या भिंती बांधल्यात, आईला एक आडभिंत नाही जमली. तुम्ही बशी खाली ठेवलीत आणि "न्हाई जमली" एवढंच बोललात. उठून जिन्यावर जाऊन बसलात. गवंड्याने आपल्याच घरात बीम घातला नाही, हे लेकीला कोणत्या तोंडाने सांगणार? मी मात्र इतकी वर्षं तुमच्यावर राग धरून बसले. मला वाईट वाटतंय अण्णा, फार वाईट वाटतंय.

कारागीर विचारतोय, शेवटची शीट लावू का. हा कागद भिंतीच्या पोकळीत सोडावा असं मनात होतं. पण भिंतीत कागद म्हटल्यावर तुम्ही वाळवीवरून बोलला असता, म्हणून पॅडमध्येच ठेवते. लावा म्हणाले त्याला. आई आत खाटेवर बसलीय, पाय पसरून, आणि दार अजून बसलं नाही तरी मला म्हणाली, "आत येताना इचारून ये."

बीमचं तिला अजून सांगितलेलं नाही. आडभिंतीवरून मी तुम्हाला बोलले होते तेव्हा ती चूल पुसत तिथेच होती. आता सांगायचं तर माझे शब्द तिच्यासमोरच परत घ्यावे लागतील, आणि मी अजून विचारून आत गेलेले नाही.