माहेरची गाठ

तीर्थरूप विरूपाक्षदादांस चाकूरहून धाकट्या उज्वलाचे शरणु शरणार्थी. (मान पुरती वाकत नाही, तेवढा नमस्कार कमी धरावा.) वहिनींची कंबर आता कशी आहे? फोनवर माझा गळा दाटतो, म्हणून पत्र.

तर दादा, माझ्या गळ्यात मधोमध एक गाठ आली आहे. आधी वाटलं, इष्टलिंगाचा दोरा घासून उठली असेल, म्हणून दोरा सैल केला. मग किराण्याच्या वहीत तिची नोंद ठेवू लागले. श्रावणात चिंचोक्याएवढी, दसऱ्याला बोराएवढी, सर्दी झाली की सुपारीएवढी. मागच्या महिन्यात लाल होऊन ठणकू लागली, भाकरीचा घास उतरेना, तेव्हा यांनी डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, जीभ बाहेर काढा. दहावी झालेल्या बाईनं परपुरुषापुढं जीभ काढायची म्हणजे काय, सांगा. पण काढली, आणि गाठ टुणकन वर चढली. हीच तिची खूण म्हणे. आता घरी येईल तो बघायला मागतो. ज्या सासूबाईंपुढं सव्वीस वर्षं जीभ चालवली नाही, त्यांना ती रोज दाखवते.

गाठ वाईट नाही, जन्मापासूनची आहे, पण कापून काढावी लागेल म्हणे. पोटातल्या लेकराची एक ग्रंथी जिभेच्या मुळापासून गळ्यात उतरते, मग ती वाट बुजते. माझी बुजली नाही. (दुसरी कोणती बुजली, ते तुम्हांस ठाऊक.) हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "जन्माची म्हंजे माहेरचीच की. पयलं बाळंतपण माहेरात केलंस, ही बी तिथंच काढून ये." टोमणा होता. मी आज्ञा समजून पिशवी भरली. डॉक्टरही नांदेडच म्हणाले, आणि नांदेडहून आपलं हदगाव ते काय लांब.

माय गेल्यापासून अकरा वर्षं मी तुमच्याकडं चहा पिऊन उठते. वहिनी पाहुण्यांचा कप काढतात. मला तो घरातला कान तुटलेला चालतो, दादा. मायच्या खोलीत आता सोयाबीनची पोती आहेत, त्यांच्या कडेला अंथरूण मावेल.

शिव तुम्हां सगळ्यांना सुखी ठेवो.

तुमची,
उज्वला

ता. क. डॉक्टर खरं तर लातूर म्हणाले होते. हे तेव्हा बाहेर गाडीला जागा शोधत होते. खोट्यापायी दोन सोमवार जास्तीचे धरलेत.

आणखी ता. क. दवाखान्यात दोनच दिवस लागतात. घरी मी पंधरा सांगितलेत. उरलेले तेरा तुमच्याकडं राहू का, एवढंच कळवावं.