दोरीबाहेरचे मुळे

१४ नोव्हें. ८६
या घरात माझ्या हातचं: विहिरीचा रहाट, न्हाणीचा कट्टा, मागीलदारचा गडगा (एकशेबारा हात, एक चिरा हलत नाही), त्यातलं फाटकाचं बेडं, दोन खुर्च्या, भिंतीवरच्या घड्याळाची पेटी. कुणी शिकवलं नाही. बघून बघून.
मुळ्याचा वाफा तेवढा हिचा, सु.चा. ती गेल्यावर यंदा तोही मीच केला. तिच्या पुरचुंडीतलं राखेत ठेवलेलं शेवटचं बी. दोरी ताणून, कामटीने मोजून, वीत-वीत अंतरावर. हे रुजलं नाही तर तिचा मुळा संपला.

२० नोव्हें.
दोरीत अजून काही नाही. दोरीबाहेर मात्र पाच रोपं. मुळ्याचीच. बी सांडलं असेल. उपटली.
शेजारच्या वहिनी गडग्यावरून, "भावोजी, रोपं काय पट्टी घेऊन उगवतात मेली?"
माझ्या हातून बी सांडत नाही, हे घरात आल्यावर आठवलं.

२५ नोव्हें.
दोरीखाली उकरून पाहिलं. बी कुजलंय, सगळं. म्हणजे ती पाच...
आज आणखी दोन. बाहेरच. बुडाशी अंगठ्याने दाबल्यासारखा खळगा. सु. तशी दाबायची.
वहिनींना विचारलं. "मी कशाला येऊ? बेडं तर तुम्ही आतून बांधता."

२६ नोव्हें.
गेल्या हंगामाची वही काढली. १९ जाने.: "सु.ने बियाण्यासाठी सात मुळे निवडून, शेपूट छाटून परत पुरले. वाकडेतिकडे. उचलून दोरीत घेतले." मूळ जागा मापून लिहिल्यात. बेड्यापासून चार हात, गडग्यापासून दीड... सातही.
आज टेप धरला. ही दोन त्याच जागी. उपटलेल्या पाचांचे खळगेही. बोटाचा फरक नाही.
तेव्हा दोरीत घेतलेले सातही सुकले. ती एवढंच म्हणाली, "त्यांना ती जागा मानवली होती हो." फाल्गुनात गेली. तो विषय परत निघाला नाही. मी काढायला हवा होता.

३ डिसें.
वहिनी म्हणतात, "ती दर साली दोन-चार शेंगा तिथंच मातीत पुरून ठेवायची. तुम्हाला कळू नये म्हणून." असेल. पण पावसाआधी आणि भातानंतर तो वाफा मी खणलाय. कुदळीने, हातभर.
दोरी गुंडाळून ठेवली.

१३ जाने. ८७
दोन्ही मुळे मनगटाएवढे. आता उपटून, त्यातला बरा निवडून, शेपूट छाटून परत लावायचा. तिची रीत. विळी घेऊन बसलो. हात पुढे होईना. वहिनी, "अहो, माझ्याकडे द्या तरी!" नको म्हटलं. जिथे आहेत तिथेच राहू देत. पाणीसुद्धा तांब्याने घालतो.

२ फेब्रु.
दोन्हींना तुरे. पांढऱ्यावर जांभळी झाक.
भर दुपारी वाफ्यात कुणीतरी उकिडवं बसलंय असं वाटलं. गेलो. कुणी नाही. माती ओली होती. मी पाणी घातलं नव्हतं.

९ मार्च
शेंगा भरल्या, अजून हिरव्या. वाळायला तीन आठवडे तरी. माकडं आली तर संपलं.
चिपळूणचा बियाणेवाला आला. पूर्वी बाजारात सु.चे मुळे घ्यायचा. "असला गोडा मुळा आता कुणाकडे नाही हो. दोन्ही झाडं राखा, वाळल्या की सगळ्या शेंगा मला." आकडा सांगितला. वर म्हणाला, "घरात विचारून सांगा." ही गेल्याचं त्याला ठाऊक नव्हतं.
मी सांगितलं नाही. विचारतो म्हटलं. मागीलदारी गेलो, वाफ्याशी उभा राहिलो. बराच वेळ. तो ओटीवर चहा पीत होता.
परत येऊन सांगितलं, नाही म्हणते.
पाचशे रुपये देत होता.