म्हातारीला घरी येऊ द्या

९ जानेवारी

आज सूर्य दिसलाच नाही. वाळवंटाकडचा वारा सुटलाय, सगळीकडे धूळ. घसा पार सुकलेला, आणि आजच तो लागणार होता! शियाच्या बियांचं लोणी कोमट करून चाटलं आणि माइकसमोर बसले.

साहेबांचा नंबर पुन्हा पुन्हा सांगितला. सावकाश, एकेक आकडा, धान्य निवडावं तसा. काचेपलीकडून इनुसा हात हलवत होता, पुरे म्हणून. रेडिओ स्टेशन त्याच्या मामाचं, त्यामुळे त्याला सगळ्याचीच भीती. मी नाही घाबरत.

राजधानीत, संसदेत कायदा आलाय. कुणाही बाईला चेटकीण ठरवून गावाबाहेर काढलं तर काढणाऱ्याला तुरुंग. आमचे खासदारसाहेब त्या समितीत आहेत. ते म्हणाले म्हणे, माझ्या भागातून मला एकाचाही फोन नाही, लोकांना हा कायदा हवाय हे मी कशावरून धरू? बरं साहेब. मग घ्या आता फोन!

लोकांना सांगितलं, भाषण नको. नाव सांगा, गाव सांगा आणि एकच वाक्य बोला — साहेब, म्हातारीला घरी येऊ द्या.

१० जानेवारी

बाजारात विचारून पाहिलं. कुणीही फोन केलेला नाही. भेंडीवाली म्हणाली, बॅलन्स नव्हता. तिच्या हातात तेव्हा फोनच होता, कानाला लावलेला.

१४ जानेवारी

डोंगरावरच्या वस्तीवर जाऊन आले. आत्यासाठी साबण, मीठ, सुके मासे नेले.

सनातू आत्या, माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमच्याकडे भावाने आपली एक मुलगी बहिणीला वाढवायला द्यायची रीत आहे. मी दिली गेले. आईचं दूध प्यायले तेवढंच, बाकी सगळं आत्याचं. चालणं, भांडणं, हा मोठा आवाजसुद्धा. ती पहाटे बाजरीची पेज विकायची. डोक्यावर पातेलं घेऊन अशी हाक द्यायची की अर्धं गाव तिच्या हाकेनेच जागं व्हायचं.

मग तिच्या पुतण्याचं मूल तापाने गेलं. पुतण्या म्हणाला, पहाटेच्या झोपेत रोज आत्या दिसते. स्वप्नात दिसली — झालं! आणखी पुरावा लागतो कुणाला? भूमीच्या पुजाऱ्याच्या अंगणात कोंबडं कापलं. कापलेलं कोंबडं फडफडून उताणं पडलं तर बाई निर्दोष. ते पालथं पडलं. त्या दिवसापासून आत्या डोंगरावर, तिच्यासारख्याच म्हाताऱ्यांच्या सोबतीत.

आता हाडं आणि कातडं उरलंय. झोपडीचं गवत एका बाजूने उडालंय. पहिलं काय विचारलं, तर आता गावात पेज कोण विकतं! मग म्हणाली, 'मला माझ्या दारात मरायचंय, झुवेरा. बाकी तुझ्या साहेबाला काही मागू नकोस.'

लोक फोन करतायत का, असंही विचारलं तिने. मी म्हटलं, करतायत की. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. माझं खोटं तिला लहानपणापासून ओळखू येतं.

१५ जानेवारी

इनुसाशी भांडून वेळ बदलून घेतली. आता रोज, सगळ्यात शेवटचा कार्यक्रम माझा. त्या वेळी लोक जेवून अंथरुणावर पडलेले असतात, उशाशी रेडिओ. कानात शेवटचं जे पडतं तेच टिकतं! माझ्या डोक्यात हे आधी कसं आलं नाही?

२२ जानेवारी

फोन सुरू झाले!! साहेबांच्या कचेरीतून इनुसाकडे विचारणा आली, ही म्हातारी कोण, एकच म्हातारी की अनेक? खूप हसलो.

खाटकाने बाजारात अडवलं. म्हणाला, 'झुवेराताई, आधी रेडिओवर छळतेस, मग स्वप्नात येऊन छळतेस. बायको विचारते, ही कोण बया?' सगळे हसले, मीही हसले. त्याने सुटका करून घ्यायला म्हणून फोन करून टाकला म्हणे. एक तुकडा जास्त टाकला मटणाचा.

२७ जानेवारी

आज एक विचित्र माणूस आला. नदीपलीकडच्या कुठल्याशा वाडीतला, सायकलवरून, धुळीने पांढरा झालेला. स्टेशनच्या दारात उकिडवा बसून रीतसर नमस्कार केला आणि म्हणाला, तू सांगितलंस तसा फोन केला, आता येऊ नकोस.

मी म्हटलं, आमचा रेडिओ नदीपलीकडे ऐकू येतो हे माहीत नव्हतं. तो म्हणाला, नाहीच येत. आमच्या वाडीत एकही रेडिओ लागत नाही.

मग तुला कुणी सांगितलं?

'तूच की. दारात उभी होतीस. निळा रुमाल होता डोक्याला.'

इनुसा माझ्याकडे बघायला लागला. निळा रुमाल माझ्याकडे आहे. नापारीने कुमासी शहरातून पाठवलेला. तो मी फक्त घरात, झोपताना बांधते. नवऱ्याने दिलेला म्हणून बाहेर कधी काढलेला नाही.

कुणीतरी त्याला सांगितलं असेल. बायका काय, कुणाच्याही घरातलं काहीही सांगतात.

३० जानेवारी

रुमाल पेटीत तळाशी ठेवलाय. उगाच!

४ फेब्रुवारी

आदिसाची, म्हणजे माझ्या जावेची, धाकटी मुलगी वुंपिनी तापाने फणफणलीय. आदिसा दवाखान्यात न्यायला तयार आहे, इद्दी भावजी गाडीची सोय बघतायत. मी ओला फडका घेऊन पोरीजवळ बसले होते. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. पाणी मागत असेल म्हणून कान जवळ नेला.

साहेब, म्हातारीला घरी येऊ द्या.

स्पष्ट! 'साहेब' नंतर मी थांबते तशीच थांबली. आवाज तिचाच, पण बोलणं माझं. मी हसायचा प्रयत्न केला. म्हटलं, बघ गं, रेडिओ पाठ झाला पोरीला. आदिसाने माझ्या हातातून फडका काढून घेतला. ओढला नाही, हळूच घेतला. तेच जास्त लागलं.

५ फेब्रुवारी

पोरीला सलाइन लावलंय. मलेरियाच आहे.

९ फेब्रुवारी

वुंपिनी बरी होऊन घरी आली. मी तिच्यासाठी शेंगदाण्याचं कालवण केलं. आदिसाने वाटी घेतली, आभार मानले. दुपारी वाटी न्हाणीमागे पालथी पडलेली दिसली. मुंग्या लागल्या होत्या.

नमस्कारही आखूड झालेत. आमच्याकडे घर कसं, पोरं कशी, थकवा कसा, उन्हाचं कसं, एवढं सगळं विचारून होईपर्यंत डोक्यावरच्या भांड्यातलं पाणी गरम व्हावं. आता विहिरीवर बायका 'घर कसं' इथेच थांबतात. मी उत्तराचं 'न्ना' म्हणेपर्यंत पाठ फिरवलेली असते. भरलेला हंडा डोक्यावर चढवायला हात लावायला कुणी येत नाही. मी आज अर्धाच भरला आणि स्वतः उचलला.

माणसं माझी आहेत ही. त्यांचा राग येतो, आणि राग आला की तो डोळ्यांत दिसेल म्हणून खाली बघते. खाली बघते म्हणून अजून संशय!

१३ फेब्रुवारी

आत्याकडे गेले, सगळं सांगितलं. ती बाजरीतले खडे काढत ऐकत होती. मग म्हणाली, मी पहाटे हाक मारायचे तेव्हा लोक कसे असायचे? अर्धे झोपेत. पुतण्याच्या कानात रोज माझी हाक जायची आणि तिथून स्वप्नात. एवढंच होतं ते. मला इथे आल्यावर, बसल्या बसल्या समजलं.

आणि मी मुद्दाम झोपायच्या आधीची वेळ मागून घेतली! भांडून!

म्हटलं, आत्या, पण तो नदीपलीकडचा माणूस? त्याच्याकडे रेडिओच नाही. निळा रुमाल?

आत्या खडे काढत राहिली. निघताना हात धरून म्हणाली, 'थांबव आता. मी इथे मरेन, काय फरक पडतो. तू नको.'

तिच्या झोपडीत दुसरी चटई अंथरलेली होती. कुणाची, ते विचारायचं राहिलं.

१४ फेब्रुवारी

संसदेत मतदान याच महिन्यात आहे. इनुसा म्हणतो कार्यक्रम बंद कर, फोन पुरेसे झालेत. पुरेसे म्हणजे किती? आज थांबले आणि तो कायदा पडला तर? आत्याचं दार कोण उघडणार मग?

नाही थांबत. भीती वाटते, हे इथे लिहून ठेवते. पण नाही थांबत.

२१ फेब्रुवारी

साहेबांचा स्वतःचा फोन आला. मला! दुपारी, मी कांदे चिरत होते.

त्यांचा आवाज रेडिओवर, सभेत कितीदा ऐकलाय. आज ओळखू आला नाही, इतका बारीक. विचारलं, जेवलीस का. मग म्हणाले, 'फोन रात्री बंद करून कपाटात ठेवतो. तरी वाजतो. उचलला की दरवेळी तूच असतेस.'

मी म्हटलं, साहेब, मी तुम्हाला एकदाही फोन केलेला नाही. खरंच नाही केला. सगळ्यांना करायला लावलं, स्वतः करायचा राहूनच गेला.

ते म्हणाले, माहितीये, माझ्या माणसांनी पाहिलंय, तुझा नंबर कुठेच नाही. मग हात जोडल्यासारखं म्हणाले, मत देतो, पण एकदा झोपू दे.

कांदा तसाच राहिला. आनंद व्हायला हवा होता मला.

२७ फेब्रुवारी

कायदा मंजूर! साहेबांनी हात वर केला! इनुसाने मला उचलून फिरवलं आणि लगेच खाली ठेवलं, हात पुसले. पॅंटला पुसले, माझ्या नकळत, असं त्याला वाटलं.

आता राष्ट्रपतींची सही झाली की झालं. आत्याच्या घराला नवं गवत घालायला माणूस सांगितलाय.

५ मार्च

सही अजून नाही. कागद तिकडे पडून आहे म्हणतात.

साहेब गावी आलेत, आईकडे. वाळलेत फार. जुन्या जाणत्यांसमोर म्हणाले म्हणे, मत मी दिलं नाही, माझ्याकडून घेतलं गेलं. ती रोज उशाशी उभी राहायची, डोक्याला निळा रुमाल. रडत होते सांगताना. मला दोष द्यायचा नव्हता त्यांना, असं भावजी म्हणतात. नुसतं सांगून मोकळं व्हायचं होतं.

नापारीला कुमासीला फोन लावतेय. बंद आहे.

६ मार्च

भूमीच्या पुजाऱ्याचं अंगण झाडून ठेवलं होतं. कोंबडं इद्दी भावजींनी आणलं, लालसर, तरणं. आदिसा वुंपिनीला घेऊन लांब उभी होती. मला म्हणाली, 'तू सोडलंस म्हणून माझी पोर वाचली, ताई. मी विसरणार नाही.' खरोखर कृतज्ञ होती ती! काय करू मी हिचं?

मी सांगितलं, कायदा झालाय, हे करणाऱ्याला तुरुंग आहे. पुजारी अगदी मायेने म्हणाला, सही कुठेय, पोरी?

कोंबड्यावर माझा विश्वास नाही. वर्षभर हेच सांगत आलेय रेडिओवर. तरी सुरी फिरली तेव्हा मनात एकच जप, उताणं पड, उताणं पड, उताणं पड.

पालथं पडलं.

७ मार्च

दुसरी चटई माझीच होती.

१२ मार्च

इथे रेंज नाही, रेडिओ नाही. राष्ट्रपतींची सही अजून झालेली नाही, एवढी बातमी मीठवाल्याने आणली. मी रडायला लागले. म्हटलं, आता इथून फोन तरी कसा करायचा त्यांना?

वस्तीतल्या सगळ्याजणी बाजरी निवडत बसल्या होत्या. मग आत्या म्हणाली, 'फोन कशाला हवा? आपल्याला लोकांच्या स्वप्नात जाता येतं असं गाववालेच म्हणतात ना?'

कुणी हसलं नाही. एकेकीने चाळणी बाजूला ठेवली. राष्ट्रपतींचं घर कसं आहे ते मला विचारलं, टीव्हीवर पाहिलं होतं तेवढं सांगितलं. फाटक, पायऱ्या, वरच्या मजल्यावरचे पडदे. वाक्य सगळ्यांना पाठ आहेच. आत्याने माझ्या बोचक्यातून निळा रुमाल काढला आणि माझ्या डोक्याला बांधला, घट्ट.

आज आम्ही सगळ्या लवकर झोपणार आहोत.