रेतीवर मांडलेलं पान

१४ डिसेंबर २०२४, शनिवार, सकाळी अकरा

पोचलो एकदाचे. बावीस वर्षांपूर्वी बायकोला, धनवंताला, समुद्र दाखवीन म्हणालो होतो. गोव्याचा खर्च झेपणारा नाही, म्हणून मोटारसायकलवर गोंदियाजवळच्या मुर्रीहून नागझिऱ्याच्या जंगलाअलीकडच्या या तलावावर आलो. पाणी उतरून रेतीचा रुंद पट्टा उघडा पडला आहे. वर हिवाळ्याचं ऊन, माणूस एकही नाही. पाण्यात उभी राहून बायको म्हणाली, "हाच का जी तुमचा समुंदर? म्हशी पोहून राहिल्या त्यात." मग इतकी हसली की मलाही हसू आलं.

गोंदियाच्या बाजारातून घेतलेल्या जुन्या तंबूची एक काठी कमी निघाली. तासभर त्यातच गेला. फार चिडलो. शेवटी मारुतीचं नाव घेऊन बांबू लावला.

दुपारी दोन

चुलीवर भात आणि वांग्याची भाजी केली. मी तीन पत्रावळी मांडल्या. दोन आमच्या, एक या जागेची. नव्या ठिकाणी आधी तिथल्याला वाढायचं, ही माझी लहानपणापासूनची सवय. हात जोडून म्हटलं, जो कोणी असेल त्यानं पोटभर जेवावं. आमचं जेवण होईपर्यंत ती पत्रावळ रिकामी झाली होती. कुत्रा म्हणावं तर रेतीत पावलं फक्त आमची दोघांची.

दुपारी चार

डोंग्यातून, म्हणजे इथल्या लहान होडीतून, जाळं टाकणारे छोटेलाल नावाचे म्हातारे ढिवर काठाशी आले. पत्रावळ पाहिली आणि खाली उतरलेच नाहीत. या तलावाचं पान पाण्यात सोडतात, म्हणाले. बुडालेले तिथंच जेवतात. रेतीवर मांडलं की पंगतीला वर येतात. "काऊन मांडलं जी? आता तो धापून, पोट भरून उठल्याबिगर तुमाले उठता येत नाही." कधी उठेल, हे विचारलं तर डोंगा वळवला. मला राग आला. दोन दिवसांची सुट्टी, त्यातही हे.

१५ डिसेंबर, रविवार, सकाळी सात

धनवंता उजाडताच भात शिजवत बसली आहे. तिसऱ्या पत्रावळीवर वाढते, ती रिकामी होते, पुन्हा वाढते. पत्रावळीसमोर मांडी घातलेल्या माणसाएवढी रेती ओली आहे. मी निघायचं म्हटलं तर म्हणाली, "पाहुण्याले उपाशी टाकून जाता? तुम्हीच बोलावलं ना?"

बोलावलं मीच.

सकाळी नऊ

तंबू सोडला. तिनं बांधला. पुन्हा सोडला, पुन्हा बांधला. पत्रावळ तलावात फेकून आलो, परत फिरलो तर जागेवरच. हात धरून ओढलं, तर ती रेतीत रुतल्यासारखी जड. मोबाइलला रेंज नाही. तिला सोडून मदत आणायला जाऊ कसा? संतापानं रडू येतं आहे.

सकाळी साडेदहा

ऊन वर आलं आहे. ओल वाळत नाही. हनुमान चालिसा म्हणायला घेतली, मधली ओळ आठवेना — चाळीस वर्षं रोज म्हणतो —

अकरा

तांदूळ संपला. हात जोडून म्हटलं, बाबा, चुकलो, आता उठ, माझ्या बायकोला घरी जाऊ दे.

ओल हलली. पत्रावळीपासून सरकली — धनवंताच्या बाजूला —

सव्वा अकरा

धनवंता खूष आहे. म्हणते, त्याचं पोट भरलं. आता त्याची पाळी, तो आपल्याला वाढणार. "बसा ना जी. त्याच्या हातचं नाही खाल्लं तर केवढा अपमान." तिनं दोन पत्रावळी मांडल्या.

वाढणारं कोणी दिसत नाही. पत्रावळींवर भात पडतो आहे. काळपट, पाणी गळणारा, शेवाळाच्या वासाचा —

मी ओरडलो, खाऊ नको. हे खाल्लं की आपणही बुडालेल्यांच्याच पंगतीतले. ती हसून भात कालवते आहे —

तिनं घास उचलला — तिचा हात धरतो, वही ठेव —