एक सूत खाली

शनिवार, ७ जानेवारी

वर्गात थोरली!

बीपी उतरावं म्हणून गेले आणि दारातच चढलं. थोरली म्हणजे माझी जाऊ, ह्यांच्या थोरल्या भावाची बायको. खिडकीजवळ बसली होती, चष्मा नाकावर, पाठ ताठ. अकरा वर्षांत आम्ही एकमेकींशी अवाक्षर बोललेलो नाही. कुणाच्या लग्नात समोरासमोर आलोच तर मी भिंत बघते, ती छत बघते.

लेकीने परस्पर माझं नाव घातलं. 'चित्र आणि मनःशांती – प्रौढांसाठी, दहा शनिवार.' वाचनालयाच्या माडीवर. डॉक्टर म्हणाले होते ना, शिवणाचं मशीन सोडून दुसऱ्या कशात तरी मन घाला. शिकवणाऱ्या बाई लेकीच्याच वयाच्या. आधी दहा मिनिटं डोळे मिटून श्वास घ्यायला लावलं. छप्पन्न वर्षं घेतेच आहे, पण तो चुकत होता म्हणे.

मग जोड्यांसाठी चिठ्ठ्या टाकल्या. दहाही आठवडे तीच जोडी, समोरासमोर बसायचं आणि एकमेकींचा चेहरा काढायचा. वर्गात अठरा माणसं, आणि माझ्या चिठ्ठीत थोरली.

"काढताना बोलायचं नाही हं," बाई म्हणाल्या. "पूर्ण शांतता." त्यांना काय माहीत, ह्या विषयात आम्ही दोघी पदवीधर आहोत.

चेहरा काढायला गेले, भोपळा झाला.

रविवार, ८ जानेवारी

ह्यांना सांगितलं. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "मग? चावली का?" दोघा भावांचं दर रविवारी फोनवर तासभर गुळपीठ चालतं. बायकांचं बायकांनी बघावं असा त्यांचा खाक्या. आता तर भाऊजी आणि थोरली ह्याच शहरात राहायला आलेत, तीन थांबे पलीकडे.

मी वर्ग सोडणार.

सोमवार, ९ जानेवारी

नाही सोडणार. मी का सोडू? तिने सोडावा.

शनिवार, १४ जानेवारी

आली होती. माझ्याआधी.

वर्गात खोडरबर बंद आहे. रेघ चुकली तर चुकली, शेजारी दुसरी मारा म्हणतात बाई. आमच्या धंद्यात चुकलं की उसवायचं. गेली तीस वर्षं लोकांचे कोट, पँटी, गणवेश मी उसवून परत बेतून शिवते, आल्टरेशनचं दुकानच आहे माझं. इथे उसवायची सोय नाही. पहिला अर्धा तास चिडचिड झाली.

पण बाईंनी एक युक्ती दाखवली ती आवडली. हात लांब करायचा, पेन्सिल उभी धरायची, एक डोळा मिटायचा आणि समोरच्याचं माप अंगठ्याने पेन्सिलीवर घ्यायचं. म्हणजे टेप न लावता माप! हे मला येतंच. भराभर घेतलं – कपाळ, नाक, हनुवटी. थोरलीचं नाक लांब आहे हे जाहीर आहे. कान छान आहेत, हे आज कळलं.

शनिवार, २१ जानेवारी

वीस मिनिटं एखाद्याकडे नुसतं बघायचं म्हणजे काय, ते करून बघावं. पहिली पाच मिनिटं राग टिकतो. मग दमतो. मग नुसत्या सुरकुत्या दिसतात. थोरली म्हातारी झाली आहे. कधी झाली?

तीही माझ्याकडे बघत होती. बघेना का.

बुधवार, २५ जानेवारी

आज एक गिऱ्हाईक कोट घेऊन भांडायला आलं. "तुम्ही डावी बाजू खाली केलीत." मी आरशासमोर उभं केलं, दोन्ही खांद्यांवर खडूने खुणा केल्या. म्हटलं, कोट सरळ आहे साहेब, खांदा तुमचा खाली आहे. एक सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तेवढं मला रस्त्याच्या पलीकडून दिसतं. माणसाच्या दोन बाजू कधी सारख्या नसतात. बराच वेळ आरशात बघत राहिला. मग चहा पिऊन गेला.

शनिवार, २८ जानेवारी

बाईंनी चित्राला नावं ठेवली. म्हणाल्या, "मावशी, बाकी सुरेख आहे, पण हा डोळा खाली उतरतोय तुमचा. आधी मधली रेघ मारा, तिच्यावर दोन्ही डोळे बसवा." हा डोळा म्हणजे कागदावर डावीकडचा – थोरलीचा उजवा.

मी परत पेन्सिल धरून माप घेतलं. पापणी तिथेच आली. बाईंना म्हटलं, माझं माप चुकत नाही. त्या हसल्या. लहान मुलाला हसतात तशा. घरी येईस्तोवर डोकं तापलं होतं. मनःशांती!

शनिवार, ४ फेब्रुवारी

आज पहिल्यांदा चित्रं एकमेकींना दाखवायला लावली. थोरलीने न बोलता वही माझ्याकडे फिरवली. माझे ओठ असे गच्च मिटलेले काढलेत, जसं काही तोंडात टाचण्या धरल्यात. दुकानात मी धरतेच टाचण्या ओठांत. वर्गात धरत नाही. तरी ओठ तसेच.

खोटं नाही काढलं तिने. आरशात बघितलं आत्ता.

माझ्या चित्रात डोळा परत खाली. बाई काही बोलल्या नाहीत, नुसती बोटाने मधली रेघ दाखवली.

शनिवार, ११ फेब्रुवारी

बाईंनी दोरी बांधून प्रत्येकाची सहाही चित्रं चिमट्यांनी ओळीत लावली. "बघा किती प्रगती केलीत." सगळे आपापलं कौतुक बघत होते. मी माझ्या ओळीसमोर उभी राहिले आणि एकेक डोळा बघत गेले.

पहिल्या चित्रात, भोपळा का असेना, दोन्ही डोळे सारखे उघडे. दुसऱ्यात सारखे. तिसऱ्यात उजवी पापणी किंचित खाली. चौथ्यात आणखी. पाचव्यात अर्धं सूत असेल. आज बुबुळ अर्धं झाकलंय, आणि आतला काळा ठिपका दुसऱ्या डोळ्यापेक्षा मोठा आहे. मी बघितलं तसंच काढलं होतं. कळलं नव्हतं.

माझं माप चुकलेलं नाही. थोरलीचा डोळाच उतरतोय.

मागे वळून बघितलं तर ती पर्स सावरत जिना उतरत होती. कठड्याला धरून. हाक मारायची होती. मारली नाही. बाई म्हणाल्या, चित्रं घरी न्या, भिंतीवर लावा. गुंडाळी करून आणली आहेत.

रविवार, १२ फेब्रुवारी

ह्यांना म्हटलं, तुमच्या वहिनीचा डोळा बघितलात का? म्हणाले, "वयाने पापण्या उतरतात. तुझ्याही उतरल्यात." भाऊजींना फोनवर विचारा म्हटलं. विचारलं. "दादा म्हणतो काही नाही, ठीक आहे." रोज बघणाऱ्याला काय दिसणार? इंच-इंच वाढणारं पोर आईला कळत नाही, पँट आखूड झाली की कळतं.

शनिवारी वर्गात भेटेल तेव्हा सांगते. सहा दिवसांनी काय आभाळ कोसळतंय?

सोमवार, १३ फेब्रुवारी

दुकानात आज तीन पँटी उलट्या शिवल्या.

'शनिवारी सांगते' हे वाक्य डोक्यातून जात नाही. ही वही कुणी वाचत नाही, मागची पानं गिऱ्हाइकांच्या मापांची आहेत. इथे तरी लिहावं.

सासूबाई शेवटचे चार महिने माझ्याकडे होत्या. अंघोळ, औषधं, रात्रीची उठाबस, सगळं मी केलं. थोरली दर रविवारी दोन तासांचा प्रवास करून यायची, त्यांचे केस विंचरायची आणि संध्याकाळी परत जायची. पण येईल त्याला सासूबाई सांगायच्या, थोरली फार गुणाची. माझं नाव नाही. काम करून करून मी त्यांना भिंतीसारखी झाले होते.

शेवटच्या दिवशी सकाळी आठ वाजता दवाखान्यात नर्स म्हणाली, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या. हे कामाने परगावी होते. त्यांना लगेच फोन केला. "दादा-वहिनीला कळव, मी निघतो," म्हणाले. हो म्हटलं. फोन खाली ठेवला. परत उचलला नाही.

एक सकाळ मला हवी होती. फक्त मी आणि त्या. एकदा तरी माझ्याबद्दल काही बोलतील असं वाटलं. त्या दर थोड्या वेळाने विचारत राहिल्या, "थोरली आली का?" मी सांगत राहिले, निघालीय, येतेच आहे. दीड वाजता फोन केला. तीनला सासूबाई गेल्या. साडेतीनला थोरली आणि भाऊजी धावत आले. भाऊजींची एक चप्पल कुठेतरी वाटेत राहिली होती.

आणि मी – सगळ्या नातेवाइकांसमोर मी म्हणाले, "आईच्या शेवटच्या वेळीसुद्धा पाहुण्यासारखे आलात." थोरलीने काही बोलायला तोंड उघडलं. माझ्याकडे बघितलं. मिटलं. तेव्हापासून बंद. सगळ्यांना वाटतं, मी एवढं लागट बोलले म्हणून ती रुसली. मलाही तसंच वाटू दिलंय मी.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

उद्या सकाळी जाते.

मंगळवार, १४ फेब्रुवारी

दुकान उघडलंच नाही. चित्रांची गुंडाळी काखेत मारून गेले. थोरलीने दार उघडलं. अकरा वर्षांनी पहिलं वाक्य काय बोलावं ह्याचा बसमध्ये विचार केला होता, सगळं विसरले.

"वहिनी, डोळा दाखवा."

"काय?"

"डोळा. उजवा."

ती बाजूला झाली. मी सरळ आत गेले आणि जेवणाच्या टेबलावर सहाही चित्रं मांडली. कडा वळत होत्या म्हणून पेले, डबा, भाऊजींचा चष्मा, जे मिळालं ते वर ठेवलं. भाऊजी दाढी अर्धी ठेवून बाहेर आले. मी पापणीवर बोट ठेवत गेले – ही सात तारीख, ही चौदा, ही एकवीस. शेवटच्या चित्रावर आले तेव्हा ते चित्राकडे नाही, बायकोकडे बघत होते. जवळ जाऊन तिचा चष्मा काढला.

"अगं, खरंच की," म्हणाले.

"वय झालं," थोरली म्हणाली.

"वय दोन्ही डोळ्यांना सारखं होतं," मी म्हटलं. "डोकं दुखतं का?"

तिने भुवईवर बोट ठेवलं. "ह्या डोळ्याच्या मागे. महिना झाला. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हटलं."

"शनिवारनंतर जाऊ," असंही म्हणाली. मी म्हणाले, आत्ता. तिच्या चपला मीच पुढे केल्या.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं आणि तिथूनच गाडी बोलावून मोठ्या दवाखान्यात पाठवलं. मी वाटेत गुंडाळी घट्ट धरून बसले होते.

बुधवार, १५ फेब्रुवारी

मेंदूत जाणारी एक रक्तवाहिनी फुगली आहे. डोळ्याच्या नसेवर दाबतेय, म्हणून पापणी उतरली. कधीही फुटली असती. उद्या ऑपरेशन.

डॉक्टरांनी चित्रं बघायला मागितली. विचारलं, "कुणी काढली?" भाऊजी म्हणाले, "आमच्या धाकटीने."

गुरुवार, १६ फेब्रुवारी

आठ तास. हात रिकामे होते म्हणून भाऊजींच्या शर्टाचं सुटलेलं बटण लावलं, अंगावरच. पर्समध्ये सुई-दोरा असतोच. ते माझ्याशी आईबद्दल बोलत होते. त्यांना शेवटचं भेटायला मिळालं नाही ह्याचं अजून वाटतं म्हणाले. मी बटणाला दहा टाके घातले, चार पुरले असते.

ऑपरेशन नीट झालं.

शनिवार, १८ फेब्रुवारी

वर्गात गेले. समोर रिकामी खुर्ची. बाईंना सगळं सांगितलं, तर त्या खालीच बसल्या. "आणि मी तुम्हाला मधली रेघ मारायला सांगत होते, मावशी." म्हटलं, असू दे. मधली रेघ शिकवलीत म्हणून तर फरक कळला.

ती खुर्चीच कागदावर काढली. पाय सरळ आले नाहीत.

मंगळवार, २१ फेब्रुवारी

आज पाच मिनिटं आत सोडलं. डोक्याला पट्ट्या, चेहरा सुजलेला. उजवी पापणी अजून खालीच आहे, हळूहळू उठेल म्हणतात. मी स्टूल ओढून बसले. वर्गातल्यासारखी बघत राहिले.

तीच बोलली. "ह्या खेपेला लगेच सांगितलंस."

मी तिच्या पांघरुणाची कड सरळ करायला घेतली.

"आई गेल्या त्याच दिवशी तिथल्या नर्सने मला सांगितलं होतं," थोरली म्हणाली. "सकाळी आठलाच तुला कळवायला सांगितलं होतं म्हणून."

"मग बोलला का नाहीत? अकरा वर्षं…"

"बोलले असते तर हेच निघालं असतं तोंडातून. मग भावाभावांचं राहिलं असतं का काही?"

बाहेर आले. भाऊजी बाकावर बसले होते. माझ्यासाठी चहा आणून त्यावर बशी झाकून ठेवली होती त्यांनी, गार होऊ नये म्हणून.