पायावरची अंघोळ

हुपरी,
रविवार दुपार

प्रिय संघू,

पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळं ठीक आहे. फोनवर तू माझं निम्मं ऐकतेस आणि उरलेलं "हो गं आई, कळलं" म्हणून गुंडाळून टाकतेस. पत्राला असं मध्येच तोडता येत नाही, म्हणून आज पैंजणांचं काम बाजूला सारून लिहायला बसले. बसले म्हणजे खुर्चीत नव्हे, खाली जमिनीवर, पाय समोर लांब करून. हे वाचून तुझ्या भुवया वर गेल्या असतील.

जुलैमध्ये गोड बातमी दिलीस, तेव्हाच तू सांगून टाकलंस की बाळंतपण पुण्यातच करायचं, बाळाला न्हाऊ घालायला तिथली एक बाई ठरवायची, कारण आईला पाय लांब करून खाली बसवत नाही. मी "बरं" म्हणाले. फोन ठेवला आणि काही कारण नसताना तुझ्या बाबांवर डाफरले. तुझं काही चुकलं नव्हतं गं. बुद्धपौर्णिमेला विहारात सगळे गुडघे टेकून वंदना करत होते आणि मी मागे प्लास्टिकच्या खुर्चीत अवघडून बसले होते, ते तू पाहिलं होतंस. बाहेर आल्यावर माझ्या चपलेचा पट्टा तू वाकून लावलास. मला तेव्हा फार लाजल्यासारखं झालं.

तुझ्या आजीनं तुला न्हाऊ घातलं ते मला अजून दिसतं. मोरीत पाट, त्यावर ती पाय समोर सरळ लांब करून बसलेली, आणि तिच्या नडग्यांवर तू पालथी, तेलानं चकाकणारी. तुझा आवाज पार वेशीपर्यंत जायचा आणि आजी मजेत हसत असायची. मला तसं बसायचं होतं, एवढीच माझी हाव. पण लग्न झाल्यापासून मांडी घालून, मान खाली घालून कड्या जोडत आले, अंग त्याच घडीत बसलेलं. पाय सरळ केले की गुडघे आपोआप वर यायचे आणि पाठ मागं कलंडायची.

मग मी शहाणपणा केला. मोबाइलवर एक पोरगी पायाचे अंगठे धरून कपाळ गुडघ्याला लावत होती. मी सकाळी उठले ती तशीच, तोंडावर पाणीसुद्धा न मारता गार फरशीवर बसले आणि हिसके द्यायला लागले. शेजारच्या झुंबरबाई दूध घेऊन आल्या होत्या. त्यांना कुठलं राहवतंय. "आगं वाक की अजून, लाकडावानी झालीयास," म्हणत त्यांनी दोन्ही हातांनी माझी पाठ दाबली. मांडीच्या मागे अशी कळ आली की दूध राहिलं बाजूला आणि झुंबरबाईच घाबरून खाली बसल्या.

मग अंथरूण धरलं. तुला कळवू नका म्हणून बाबांना मीच बजावलं होतं, त्यांच्यावर रागावू नकोस. ते उशाशी बसले आणि म्हणाले, "चांदी न तापवता तार वडलीस व्हय गं?" मला इतका राग आला, कारण ते खरं होतं. आयुष्य या धंद्यात गेलं. तार न तापवता ओढत राहिलं तर तुटते, तापवून सावकाश ओढली तर हवी तेवढी बारीक होते, हे मी झोपेतसुद्धा सांगेन. स्वतःच्या अंगाच्या वेळी मात्र विसरले.

दुसऱ्या आठवड्यात बाबा मला कोल्हापूरला फिजिओथेरपीच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले. दीप्ती नाव, मूळची आजऱ्याची, तुझ्याच वयाची. आधी तिनं दुखणं बरं होऊ दिलं, नुसतं हलकं चालायला लावलं. मग शिकवायला लागली. आधी अंगणात चालून अंग गरम करायचं. मग घडी घातलेल्या चादरीवर बसून एकच पाय लांब करायचा, तळव्याला टॉवेल अडकवायचा आणि श्वास सोडत हळूच पुढं यायचं. झटका द्यायचा नाही, श्वास कोंडायचा नाही, दुसऱ्या कुणाला दाबू द्यायचं नाही. "मावशी, ताण चालंल, कळ न्हाय चालायची," हे तिचं पालुपद. आणि कामावरून मधूनमधून उठायचंच. आता बाबाच दटावतात, "ऊठ, पाय मोकळे कर."

पावसाळाभर वाटत होतं, काही होत नाही. नवरात्राच्या आसपास एक दिवस सांडलेले घुंगरू वेचायला मी सहज खाली वाकले, आणि वाकल्यावर लक्षात आलं की मी वाकले आहे. तेव्हापासून हुरूप आला. उशीला टॉवेल गुंडाळून मी पायावर घ्यायला लागले. बाबा तांब्या घेऊन दारात उभे, "पाणी वतू का उशीवर?" म्हणून. त्या माणसाला चेष्टेशिवाय काही सुचत नाही.

डावा गुडघा अजून कुरकुरतो. दीप्ती म्हणाली, त्याच्याखाली कापडाची गुंडाळी ठेवा आणि पाठीला भिंत घ्या, म्हणजे चालेल. एखाद्या दिवशी जमलं नाही तर झुंबरबाई आहेत, पण आता त्यांना कुणाची पाठ दाबायची परवानगी नाही.

आज सकाळी त्यांच्या नातीचं बाळ मी न्हाऊ घातलं. पाय सरळ, पाठ भिंतीला, बाळ नडग्यांवर पालथं. ते तुझ्यासारखंच कर्कश रडलं आणि मग गरम पाण्यानं गप्प झालं. पुसून त्याला आईकडे दिलं, तरी मी तशीच बसून राहिले. बाबा धावत आले, त्यांना वाटलं पुन्हा कळ आली. मी रडत होते, पण कळ कुठंच नव्हती. संघू, जुलैमध्ये मी तुला "बरं" म्हणाले होते, ते आज मागे घेते. सातवा सरत आलाय, आता माहेरी ये. पाट मी घासून उन्हात ठेवलाय.

वाट बघत जमिनीवर बसलेली,
तुझीच
आई