राजाबाईच्या काचेची चौकशी

होटगी रोड, सोलापूर
सोमवार, दुपारचा चहा झाल्यावर

चि. बाळासो यास,

सोलापूरहून धनाजीदादाचा भरघोस आशीर्वाद. इकडं आईचा डोळा उत्तम, माझा गुडघा मध्यम आणि तुझ्या वहिनीचा आवाज पहिल्यापेक्षा खणखणीत आहे. तुझी पाठ कशी आहे? रेल्वेच्या वर्कशॉपात डब्यांवर नंबर रंगवताना वाकून उभा राहू नकोस, खाली स्टूल घे, असं मी मागंही सांगितलं होतं. कुर्डुवाडीच्या लोकांना सांगितलेलं एका वेळेत कळत नाही, हा माझा एस.टी.तला अनुभव आहे.

परवा तू फोनवर विचारलंस, की दादा, पोरांच्या चेंडूनं माझ्या गाडीची मागची काच गेली, नवी बसवायच्या आधी दुकानदाराला काय काय विचारून घेऊ? मी सांगायला तोंड उघडलं आणि शेजारून तुझ्या वहिनीनं, विजयमालानं, दुरुस्त्या सुरू केल्या. (मी "धडक" म्हटलं की ती "टक्कर" म्हणते, मी "दुर्दैव" म्हटलं की ती "हौस" म्हणते.) म्हणून फोन ठेवला आणि कागद घेतला. कागदावर तिला मधे बोलता येत नाही. आणि तू विचारलंस ते अगदी योग्य माणसाला विचारलंस. सोलापूर स्टँडवर चौकशीच्या खिडकीत माझी उभी हयात गेली. सगळ्या जिल्ह्यानं मला प्रश्न विचारले. सांगोला कधी, अक्कलकोट कुठून, वळसंगला थांबते का, आणि माझ्या नवऱ्याला पाहिलंत का. रिटायर झाल्यावर आता माझी पाळी आहे, आता मी विचारतो आणि लोक उत्तरं देतात. मागच्या काचेच्या बाबतीत माझ्याइतकी चौकशी या शहरात कुणी केली असेल तर त्यानं समोर यावं.

पण आधी काच गेली कशी ते ऐक, कारण आपल्या धाकट्यानं, शहाजीनं, तालुकाभर वेगळंच पसरवलं आहे. तुला माहीतच आहे, आईचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं झाकोळले होते. उजव्याचं ऑपरेशन आधी करायचं ठरलं आणि तिला सोलापूरला आणायला मी गाडी घेऊन सांगोल्याकडच्या आपल्या वस्तीवर गेलो. मागच्या काचेवर तू तुझ्या हातानं पिवळ्या रंगात "राजाबाई" लिहून दिलं होतंस, ते तिनं तीन वर्षं धड पाहिलंच नव्हतं. ती शाळेत गेलेली नाही, पण ते तिचं नाव आहे एवढं तिला पक्कं ठाऊक. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "पट्टी सुटली की पैलं माजं नाव बगनार." मग माझी जबाबदारी आली की नाही? मी सकाळी उठून ती काच पाण्यानं धुतली, कागदानं पुसली, परत फडक्यानं घासली. काचेला आतून काळी फिल्म होती, तिला अशी चकाकी आली की मी त्यात बघून मिशी सारखी केली. इतकी स्वच्छ काच त्या वस्तीनं कधी पाहिली नसेल, आणि हे मी अभिमानानं सांगतो.

हिंदुरावानंही पाहिली. (हिंदुराव म्हणजे शहाजीचा माडग्याळी मेंढा. शहाजी त्याला अंडी खायला घालतो आणि स्वतः भाकरी-ठेचा खातो.) शहाजी त्याला अंगणात मोकळा सोडून मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढत होता. हिंदुराव गाडीमागं आला, काचेत दुसरा हिंदुराव दिसला, तोही तेवढाच उंच आणि तेवढाच मस्तवाल. हा चार पावलं मागं सरला, तर काचेतलाही सरला. आता हे आव्हान कुठला मेंढा सहन करील? एका टकरीत काचेचा चुरा. खडीसाखर सांडावी तशी सगळी डिकीत. राजाबाईमधला एक काना तेवढा कुठं तरी रबराला चिकटून राहिला. आणि शहाजी माझ्याकडं न बघता मेंढ्याच्या कपाळावरून हात फिरवत म्हणतो, "दादा, एकाच दणक्यात की." मी त्याला काय बोललो ते इथं लिहीत नाही, कारण पत्र तुझी मुलं वाचतील.

आई आत गाठोडं बांधत होती. कसला आवाज म्हणून विचारलं तर शहाजीनं पत्रा पडला असं सांगितलं. मी मागं खताची रिकामी पोती दोरीनं आवळली, आईला पुढं बसवलं आणि निघालो. सांगोल्यापासून सोलापूरपर्यंत ती पोती अशी फडफडली की आईनं दोनदा विचारलं, गाडीत कोंबड्या घेतल्यास का. मी हो म्हटलं. मंगळवेढ्याच्या पुढं तिनं त्यांना दाणे घालायला सांगितलं.

म्हणजे परिस्थिती अशी, की आईचं ऑपरेशन झालं, पट्टी सुटली, काळा चष्मा लावून ती पहिल्याच दिवशी म्हणाली, गाडी दाव. आणि गाडी बिनकाचेची, बिननावाची. सर्व्हिसिंगला टाकली आहे म्हणून मी वेळ मारून नेली. डॉक्टरांच्या तपासणीनंतर ती गावी जायची होती, त्याच्या आत काच आणि नाव दोन्ही जागेवर पाहिजे होतं. आईला पहिल्या नजरेला खताची पोती दाखवणारा मुलगा मी नाही.

आता मुद्द्याचं. पहिल्या दुकानात गेलो, तर तो माणूस लगेच म्हणाला, आहे काच, अर्ध्या तासात बसवतो. असं म्हणणाऱ्याकडं कधीही थांबू नकोस. मी विचारलं, यात हीटरच्या तारा आहेत का? तो हसला. म्हणाला, काका, सोलापुरात काचेवर दव पडलेलं कुणी पाहिलंय? पाहिलं नसेल, मीही पाहिलेलं नाही, पण माझ्या गाडीला तारा होत्या तर त्या असायला पाहिजेत की नको? माझ्या डाव्या हाताला सहावं बोट असतं आणि ते गेलं असतं, तरी मी डॉक्टरला हात सहा बोटांचाच मागितला असता. शिवाय त्याच्या काचेला मागच्या वायपरचं भोकही नव्हतं. तेव्हा बाळासो, तुझ्याच मॉडेलची, तुझ्याच सालाची, तारांची आणि भोकाची काच आहे का हे पहिलं. तारा जोडल्यावर बटण दाबून काच गरम होते का ते हात लावून बघ. मी मे महिन्यात हात लावून बघितलं, त्यामुळं नेमकं तारांनी गरम झाली की उन्हानं ते सांगता येत नाही, पण विचारलं हे महत्त्वाचं.

दुसरं दुकान चनबसप्पाचं. माणूस अक्कलकोटकडचा, पोटानं आणि बोलण्यानं भारी. त्याला मी प्रश्न विचारला की तो उलट मला विचारायचा, तेव्हा आमचं चांगलं जमलं. मी म्हटलं, काच फुटली तर सुऱ्यासारखे तुकडे होणार नाहीत ना, कोपऱ्यात सुरक्षेचा शिक्का आहे ना? तो म्हणाला, पहिली फुटली तेव्हा कुणाला लागलं का? मी म्हटलं, चिकटवायचं सोल्युशन कुठलं आणि सुकायला किती वेळ? तो म्हणाला, तुम्हाला गाडी घाईनं कुठं न्यायची आहे का? मग त्यानं सांगितलं, की सुकेपर्यंत गाडी हलवायची नाही, नंतरही दिवसभर एक खिडकी बोटभर उघडी ठेवायची आणि दार जोरात आपटायचं नाही, नाही तर आतली हवा काचेला ढकलते. हे विजयमालाला सांगायला तू ये, मी सांगून बघितलं. फिल्मचं विचारलं तर त्यानं कानाला हात लावले. ती नियमात बसत नाही, पोलीस धरतात, आणि (हे त्यानं हिंदुरावाची हकिकत ऐकल्यावर सांगितलं) साध्या काचेत मेंढ्याला मेंढा एवढा ठळक दिसत नाही. शहाजीला हे कळलं तेव्हा तो जरा उदास झाला.

डिकीतला चुरा कोण काढणार हेही आधीच ठरवून घे. मी ठरवलं नव्हतं. वस्तीवरच मी झाडून घेतलं होतं आणि ती मोठी चूक झाली, कारण विम्याच्या कंपनीला आधी फोटो लागतो. फोनवर एक मुलगी होती, फार नम्र. तिनं विचारलं, कशाची धडक? मी म्हटलं, मेंढ्याची. समोरच्या वाहनाचा नंबर? नंबर नाही, पाठीवर गुलाल आहे. ती म्हणाली, सर, फोटो नसेल तर अवघड आहे. तेव्हा शहाजीचा व्हिडिओ उपयोगी पडला, त्यावर त्यानं हलगी वाजवलेली आहे. कंपनीतल्या मोठ्या साहेबांनी तो तीनदा पाहिला म्हणतात, आणि काम झालं. आपल्या घराण्यातलं जनावर कंपनीच्या दप्तरी गेलं, हे काही लहानसहान नाही.

सोल्युशन पक्कं झाल्यावर पाणी मारून बघ. मी डिकीत मांडी घालून बसलो, खाली कोरडा पेपर अंथरला, आणि चनबसप्पाला पाइप घेऊन काचेवर पाणी सोडायला लावलं. पेपरवर एक थेंब नाही. विजयमालानं माझा डिकीतला फोटो काढून माहेरी पाठवला आहे, तो तुझ्याकडं आला तर असूयेनं काढलेला आहे असं समज.

एवढं सगळं झालं. मी मागं उभा राहून पाहिलं, तर काच लखलखीत आणि कोरी. एवढी चौकशी केली, पण नावाचं कुणालाच विचारलं नव्हतं. तू ब्रश घेऊन येईपर्यंत आईची तपासणी होऊन गेली असती. म्हणून शेजारच्या दुकानात कॉम्प्युटरवर "राजाबाई" काढून घेतलं, लाल रंगात, अक्षरं सगळ्यात मोठी, कडेला सोनेरी पट्टी. लावताना बुडबुडा येणार नाही ना, हे विचारायला विसरलो नाही.

घरासमोर खुर्ची टाकून आईला बसवलं. गाडी पाठमोरी लावली, काचेवर विजयमालाची जुनी साडी टाकली. गल्लीतली माणसं जमली होती, चनबसप्पालाही मी बोलावलं होतं. साडी ओढली. आईनं काळा चष्मा कपाळावर चढवला, उजवा डोळा बारीक करून बघत राहिली. मला वाटलं आता डोळ्याला पाणी येणार आणि डॉक्टर मला ओरडणार.

आई म्हणाली, "हे बाळूच्या हातचं न्हाय. त्येच्या मदल्या अक्षराचं पोट लई मोटं हुतं." मग म्हणाली, "मेंड्यानं फोडली व्हय? माजं डोळं गेलं हुतं, कान न्हाय." कोंबड्यांचं तिनं विचारलं नाही, हा तिचा मोठेपणा.

माझं तोंड जरा पडलं, पण म्हटलं, आई, नाव तर आहे की, केवढं मोठं आहे बघ. तेव्हा ती जे बोलली ते तुला जसंच्या तसं लिहितो.

"मोटं हाय रं. पर मागं कशाला लिवतोस? मला ही काच दिसती ती तू निगालास म्हंजे. नाव बगता बगता धुरळ्यात जातंय. फुडं लिव की. येताना दिसंल."

खोटं कशाला सांगू, माझी छाती फुगली. सगळ्या गल्लीसमोर, एका डोळ्याच्या जोरावर, माझ्या आईनं मला आणि चनबसप्पाला न सुचलेला प्रश्न विचारला. उभा जन्म एस.टी.त काढला मी. गाडीची पाटी पुढं लावतात, वाट बघणाऱ्यासाठी लावतात, हे मला कुणी सांगायला पाहिजे होतं का?

तुझ्या सौ.ला आणि मुलांना आशीर्वाद. काच चांगली चौकशी करून बसव आणि माझं नाव सांग.

तुझा,
धनाजीदादा

ता. क. हे पत्र मुळात तुझ्या काचेसाठी नाही. तुझा ब्रश आणि पिवळा रंग घेऊन येत्या शनिवारी पहिल्या गाडीनं सोलापूरला ये. पुढच्या काचेवर वरच्या कडेला, समोरचं दिसायला आड येणार नाही इतकं बारीक, पण मधल्या "बा"चं पोट पूर्वीएवढंच. कितपत चालतं ते मी चौकातल्या हवालदाराला विचारून ठेवलं आहे.

आणखी ता. क. विजयमालानं पत्र वाचलं. तिचं म्हणणं, डिकीत पेपर ओला झाला होता. तो माझा घाम होता.

शेवटचं ता. क. आईला गावी सोडायला गेलो, तेव्हा उतरताना तिनं विचारलं, "मंग आता गाडी कवा येनार?" सगळ्या जिल्ह्याच्या गाड्यांच्या वेळा मला तोंडपाठ होत्या. या एका गाडीची मला सांगता आली नाही. तेव्हा नावाखाली आणखी दोन शब्द लिही: दर रविवारी. तिला वाचता येत नाही, पण वस्तीवरचा जो तो तिला वाचून दाखवील, आणि मग मला चुकवता येणार नाही.